समोर बसवून काढलेली

दुरुस्तीवाली वरच्या दालनात आली तेव्हा एकोणीस चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं उभी होती. जुन्या चित्रांचे तडे बुजवायचे, डाग काढायचे, खरंखोटं सांगायचं, हा तिचा धंदा. म्हणून घरात सगळे तिला दुरुस्तीवालीच म्हणत.

"मॅडम, पहिली सात तेवढी खरी," घरचा मुलगा म्हणाला. "माझी बहीण सातव्या वर्षी गेली. पुढची बारा म्हणजे आईचं खूळ. दरवर्षी त्याच चित्रकाराला बोलवायची. आता ती आठ वर्षांची असती, काढा. मग नऊ, मग दहा... संग्रहालयाला समोर बसवून काढलेलीच हवीत. तुम्ही लिहून द्या, उरलेली मी जाळून टाकतो."

त्याची आई, थोरल्या बाई, खिडकीशी बसल्या होत्या. घरातलं प्रत्येक चित्र त्यांनी पारखून घेतलेलं, किती उपाशी चित्रकार त्यांनी जगवलेले; पण चौकटींवरच्या पितळी पट्ट्यांवर नाव नवऱ्याचं. डोळे आता जवळजवळ गेले होते, जीभ शाबूत होती.

"जाळ हो. बहिणीला दोनदा पोचवायची हौस तुलाच."

मुलगा मान खाली घालून निघून गेला.

दुरुस्तीवालीनं तिचा अवरक्त किरणांचा कॅमेरा लावला. त्यात रंगाखालचं कोळशाचं रेखाटन दिसतं. समोर माणूस बसलं की हलतं, मग चित्रकार रेघ पुसतो, पुन्हा ओढतो. मनातलं माणूस चुळबुळ करत नाही. त्याची रेघ एकच, सरळ.

पहिल्या सातांत पोर नुसती वळवळत होती. दुरुस्तीवालीला हसू आलं.

मग आठवं चित्र. वर शहाण्यासारखी बसलेली मुलगी. रंगाखाली पाय एकदा इकडे, एकदा तिकडे.

नवव्यात वेणी तीनदा पुसलेली. दहाव्यात मान वळलेली, दाराकडे. अकराव्यातही दाराकडे. रंगात मात्र प्रत्येक वेळी नजर सरळ केलेली.

तिनं कॅमेरा बंद करून पुन्हा लावला. तेच.

"बाई, चित्र काढताना तुम्ही खोलीत असायचात?"

"छे गं. तो आपणहून दार उघडेपर्यंत कुणी आत यायचं नाही, ही त्याची अट. मी बाहेर, दाराला पाठ लावून जमिनीवर बसायचे. कलावंताला आश्रय द्यायचा आणि त्याचा शब्द मोडायचा, हे कसं चालेल?"

शेवटचं चित्र. एकोणीस वर्षांची मुलगी, हात मांडीवर, ओठांवर हसू.

रंगाखाली खुर्ची रिकामी होती.

डाव्या कडेला, गडद तपकिरी रंगाखाली, दार होतं. दाराशी पाठमोरी उभी असलेली मुलगी. एकोणीसची नव्हे.

सात वर्षांची. टाचा उचललेल्या. हात कडीकडे ताणलेला.

पोचत नव्हता.

 दुरुस्तीवालीनं कागदावर लिहिलं, एकोणीसही चित्रं समोर बसवून काढलेली आहेत. खाली सही केली.

मग तिनं ते वाचून दाखवलं.

 थोरल्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या.

"म्हणजे ती यायची?"

"यायची."

"बारा वर्षं. आणि मी दाराबाहेर."

खाली कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"शेवटच्या वर्षीही आली होती?"

"हो," दुरुस्तीवाली म्हणाली. "अगदी शांत बसली होती."

"बरं झालं बाई. जिवाला घोर लागला असता." म्हातारीनं सुटकेचा निःश्वास सोडला. "त्या दिवशी आतून दारावर थापा पडत होत्या. पुष्कळ वेळ. बसल्या जागी माझ्या डोक्याशी, इतक्या खालून, की मी आपलं म्हटलं, चित्रकाराचं मांजर असेल."