चारशे आठ चित्रं

राजापेठेतल्या एका औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, सहा माणसं गेले चौदा महिने एकोणसत्तर सालचं अकोला काढत बसली होती. सेकंदाला बारा चित्रं. एखादा पोरगा चड्डी वर ओढतो, नाक पुसतो आणि पुन्हा चड्डी वर ओढतो, एवढ्यात ताराचा पुरा दिवस जायचा. मनगटाला पट्टा, डोळ्यांत घालायचे थेंब, टेबलाच्या कडेला निवलेला चहा. कंटाळा करायलाही अंगात थोडं बळ लागतं, तेही तिच्यात उरलं नव्हतं.

चित्रपट अद्वैतचा. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याला छप्पन वर्षांपूर्वीच्या बालपणाची हुरहुर लागली होती, आणि ती त्यानं सहा जणांत वाटून दिली होती. गोष्ट तशी गोड होती. अकोल्यातली एक शाळा. वहीच्या पुठ्ठ्यावर अग्निबाणांची कात्रणं चिकटवणारी, रशियानं अवकाशात धाडलेल्या कुत्रीची गोष्ट ऐकून रडलेली, डालड्याच्या डब्याला दिवाळीचा बाण बांधून गच्चीवरून उडवणारी पोरं. आणि शेवटी जुलैतली ती सोमवारची सकाळ. हेडमास्तर रेडिओ खिडकीत ठेवतात, आख्खी शाळा मैदानात उभी राहते, आणि चंद्रावर माणूस उतरला असं कळताच तो दिसतो का म्हणून सगळी पोरं दिवसाउजेडी आभाळाकडे माना वर करतात.

आठवणी मात्र वामनरावांच्या. मूळचे बाळापूरकडचे शेतकरी, शिकायला अकोल्यात मामाकडे राहिलेले, आणि पुढे तिथंच स्थायिक झालेले. दर गुरुवारी गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोनं यायचे, आणि ताराच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे. कोणाच्या कानामागे नायटा होता, कोण कुणाची पेन्सिल चावायचा, सगळं तोंडपाठ. "त्या गोवर्धनले एवढं देखणं नका करू बाई, तो आताबी तसा नाई," असं त्यांनी एकदा बजावलं होतं. मात्र पहिल्याच दिवशी त्यांनी अद्वैतला आपलं खरं काम सांगून टाकलं होतं.

"मले पिच्चरचं काई नाई. तुमचा तुमी पाहा. मले चंदाचं तोंड पाहिजे."

चंदा त्यांची बहीण, दोन वर्षांनी मोठी. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तापानं गेली. तिचा फोटो एकच होता, शाळेचा, सगळ्या वर्गाचा. फोटोवाल्यानं कळ दाबली त्या क्षणी तिनं मान वळवली, आणि बेचाळीस पोरांच्या चेहऱ्यांमध्ये एक धुरकट पट्टा तेवढा उमटला. वामनरावांना त्या बेचाळीसांपैकी प्रत्येकाचं नाक सांगता यायचं. बहिणीचं येत नव्हतं.

चेहरा सापडत नाही म्हणून काम थांबवता येत नाही. घरच्या माणसांना वापरायची रीत या धंद्यात जुनी आहे. हेडमास्तरांना ताराच्या नवऱ्याची, कमलाकांतची, चाल दिली होती. कमलाकांत वकील असल्यामुळे हात मागे बांधून चालतो, त्या चालीला शिस्त आहे. शाळेतल्या शिपायाला अद्वैतच्या आजोबांची खोकण्याची तऱ्हा दिली होती. चंदासाठी तारानं आपली मुलगी घेतली. जुईली नऊ वर्षांची. एका रविवारी गच्चीवर तिला उभं केलं, "पाठमोरी राहा, आणि हाक मारली की हळूच वळ," असं सांगितलं, आणि मोबाईलवर चित्रण केलं. मग त्या चित्रणावरून एकेक रेघ उतरवली. बाकी पोरं आभाळाकडे बघतात आणि चंदा एकटीच आपल्याकडे वळते, असा तो प्रसंग. चौतीस सेकंद, चारशे आठ चित्रं. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा अंडगोल.

शेजारच्या टेबलावरच्या नितेशला ते आवडलं नाही. त्याचं घर मूर्तिकारांचं. त्याचा आजा गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी करायचा, आणि तोवर प्रत्येक मूर्तीच्या तोंडावर ओलं फडकं ठेवायचा.

"कोरं तोंड असं उघडं नाई ठेवत, ताराताई. कोनीबी येऊन बसते."

ओलं फडकं माती तडकू नये म्हणून असतं, हे नितेशनंच मागे एकदा सांगितलं होतं. तारानं त्याला त्याची आठवण करून दिली आणि थेंब घालायला डोळे मिटले.

चार दिवसांनी तीनशे बाराव्या चित्रात एक भुवई होती.

डावी, आणि मधोमध खाच असलेली. तारानं ती काढली नव्हती. नितेशनं आईची शपथ घेतली, आणि तो आईची शपथ उगाच घेत नाही. अद्वैतला दाखवल्यावर तो म्हणाला, छान आहे, ठेव. दिग्दर्शकांना एखादी गोष्ट कोणी केली यापेक्षा ती झाली याचं कौतुक जास्त. गुरुवारी वामनराव आले, चष्मा पुसून पडद्याजवळ गेले आणि तसेच वाकून राहिले. बैलबंडीच्या चाकावर आपटली होती, ते म्हणाले. पाच टाके पडले होते. हे मी तुमाले सांगतलं होतं काय?

सांगितलं नव्हतं.

तारा मोजमापाची बाई. दर संध्याकाळी किती चित्रं झाली ते ती वहीत लिहून ठेवायची. वहीत चारशे आठ होती. सोमवारी संगणकावर चारशे अकरा निघाली. बुधवारी चारशे सोळा. वाढलेली चित्रं शेवटच्या टोकाला होती आणि प्रत्येकात मुलगी आणखी थोडी वळली होती. गच्चीवर जुईली जिथं थांबली होती, त्याच्या पुढे. आधी दुसरी भुवई आली, मग नाक, मग खालचा ओठ. रेघ ताराच्याच हातची होती. तिची रेघ सुरुवातीला किंचित जाड होते, तशीच.

याच सुमारास शाळेतून फोन आला. जुईलीच्या ओळखपत्राचा फोटो हलला आहे, दुसरा पाठवा. मुलं स्वस्थ बसत नाहीत, त्यात नवल काय. तारानं मोबाईलमधून दुसरा शोधायला घेतला. वाढदिवसाचा हलला होता. चिखलदऱ्याचा हलला होता. कमलाकांतच्या मांडीवर बसलेला, दीड वर्षाची असतानाचा, स्टुडिओत काढलेला आणि चार वर्षं भिंतीवर लावलेला, तोही. बाप स्वच्छ, मागचा पडदा स्वच्छ, आणि मुलीनं जणू त्याच क्षणी मान वळवलेली.

तिनं तो उतरवून कमलाकांतसमोर ठेवला. कमलाकांतनं चष्मा लावला, काढला, आणि जुने फोटो असेच उडतात असं सांगून वर्तमानपत्राची घडी उलगडली.

"तुला जुईली कशी दिसते?" तारानं विचारलं.

"कशी म्हणजे? जुईलीसारखी."

"पण म्हणजे कशी?"

बोलण्यावर ज्याचं पोट चालतं त्या माणसानं वर्तमानपत्राची घडी पुन्हा घातली. मुलगी तेव्हा आत आंघोळ करत होती. पाण्याचा आवाज येत होता.

"असं विचारलं की सांगता येत नाही कुणालाच," तो शेवटी म्हणाला.

तारालाही आलं नाही. घरात अडत नव्हतं. घरात नऊ वर्षांची मुलगी एकच, ताटावर बसते ती आपली. पण औषधाच्या दुकानाचा जिना चढेपर्यंत तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून पुसला जायचा, आणि वर पडद्यावर दुसरा अजून थोडा भरलेला असायचा. आता फक्त डोळे बाकी होते.

पुढच्या गुरुवारी तिनं वामनरावांना सांगितलं की डोळे मी काढणार नाही. "काऊन?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं जुईलीचे फोटो दाखवले. सगळे, एकामागून एक. म्हाताऱ्यानं प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग मोबाईल टेबलावर हळूच उपडा ठेवला.

"तुमच्या घरी पोरगी हाये, बाई. सकाळी उठते, खाते, भांडते. फोटो नसला तं का होते? माह्यापाशी छप्पन वर्सांपासून हललेला फोटोच हाये. पोरगी नाई."

तारानं मोबाईल स्वतःकडे ओढून घेतला.

"मी मरन तं तिले पाह्यलेला कोनीच रायनार नाई," ते म्हणाले. मग उठले आणि चहा न घेता जिना उतरून गेले.

शुक्रवारी दुपारी बाकीचे जेवायला खाली गेल्यावर तारानं तो प्रसंग उघडला. चारशे एकोणीस चित्रं होती. तिनं सगळी निवडली आणि पुसून टाकली. गच्चीवरचं चित्रणही पुसलं. अद्वैत परत आल्यावर तिनं त्याला सरळ सांगून टाकलं. तो ओरडला नाही. डोकं धरून बसला आणि म्हणाला की नाहीतरी आपण सगळे फार थकलोय. नितेशनं तेवढी तिच्या बाजूनं मान हलवली. कितीतरी दिवसांनी ताराला भूक लागली.

साडेचारला अकोल्याहून वामनरावांचा फोन आला.

"ताराबाई, आता नका काढू तुमी. दिसली मले."

कुठे, तिनं विचारलं.

"आता जरासा पडलो होतो. डोये मिटले तं समोर उभी. पुरी. उघडले तरी हाये अजून. हासून राह्यली." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "वरचा एक दात दुसऱ्यावर चढेल हाये पाहा तिचा. हासतानी त्याच्यावर बोट ठेवते. इसरूनच गेलो होतो मी. ताराबाई, तुमचे लई उपकार झाले."

तारानं फोन ठेवला. एप्रिलमध्ये एका दातावर चढलेल्या दुसऱ्या दातासाठी ती जुईलीला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. फाइल घरी कपाटात होती. त्यात दाताचा नंबर होता, तारीख होती, पुढच्या खेपेची वेळ होती. हे सगळं तिला आठवत होतं. दात आठवत नव्हता.

जुईलीला रोज ऑटोवाला आणायचा. तारानं त्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि स्वतः कॅम्प भागातल्या शाळेकडे निघाली.

पाच वाजता शाळा सुटली. निळे फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. गेटवर मनकर्णाबाई स्टुलावर बसली होती. ती शाळेची जुनी बाई, प्रत्येक पोरीला घरच्या नावानं ओळखणारी. तिला विचारता आलं असतं. पण आपली मुलगी यातली कोणती, हे कोणत्या आईनं विचारावं?

तारा कडुलिंबाखाली उभी राहिली. आपली असेल ती येईल, तिनं ठरवलं. मुली येत होत्या. एक तिच्या रोखानं धावत आली आणि बाजूच्या बाईला बिलगली. दुसरी हसत आली आणि स्कूटरवर मागे बसली. तिसरीनं, चौथीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

ऑटो भरून गेले. स्कूटरी गेल्या.

गेटच्या आतल्या बाजूला एक मुलगी दप्तर छातीशी धरून उभी होती. बराच वेळ. ती बाहेरच्या बायकांकडे बघत होती. एकेकीकडे, शांतपणे, ओळीनं. ताराकडेही तिनं पाहिलं, आणि मग नजर पुढच्या बाईकडे नेली.

पुढची बाई आपली मुलगी घेऊन गेली. तिच्या पुढचीही गेली.

मनकर्णाबाईनं स्टूल उचललं.

मुलगी बाहेर आली आणि ताराच्या समोर येऊन थांबली. तोंड बंद होतं, दात दिसत नव्हते. तिनं एकदा मागे मोकळ्या मैदानाकडे पाहिलं, एकदा मोकळ्या रस्त्याकडे, आणि हात पुढे केला.

"काकू," ती म्हणाली, "आता आपण दोघीच उरलो ना?"