जिवंतांच्या चिठ्ठीवरचं नाव

नाक्सोस बेटाच्या बंदरावर सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. कालिरोईनं दोन कलिंगडं घेतली, पाव घेतला, बर्फ घेतला आणि टोमॅटोवाल्याशी रीतसर हुज्जत घालून ती बोटीवर परतली. यंदाचा पाहुणा एकटाच होता. होल्गर नावाचा डेन्मार्कचा निवृत्त मास्तर, बायको वारलेली. पंधरा दिवस बेटाबेटांतून हिंडायचं म्हणून त्यानं अख्खी शिडाची बोट भाड्यानं घेतली होती. बोटीचं नाव मारुसो. सुकाणूवर कालिरोई, आणि नांगर-शिडं तिचा मुलगा आर्गिरिसकडे. सव्वीस वर्षांचा पोरगा, कामाला वाघ, पण तीन वर्षांत त्याला पोटभर हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बोट चालवायचा त्याचा बाप, स्ट्रातिस. ऑगस्टमधल्या उत्तरेच्या वाऱ्यात, दोनूसा आणि आमोर्गोस या बेटांच्या मधे, भर दुपारी शीड आवरताना तो पाण्यात गेला. त्या वेळी सुकाणू आर्गिरिसच्या हातात होतं. बोट वळवायला मला उशीर झाला, असं तो म्हणायचा. त्या वाऱ्यात कुणाच्या बापालाही वळवता आली नसती, असं कालिरोई म्हणायची. देह काही मिळाला नाही.

आता रविवारी पाद्र्याच्या हाती दोन चिठ्ठ्या द्यायच्या, हे त्या बेटांवर घरोघरी चालतं. एका चिठ्ठीवर जिवंतांची नावं, त्यांना आयुष्य मिळावं म्हणून. दुसरीवर वर क्रूस काढून मेलेल्यांची, त्यांना विसावा मिळावा म्हणून. कालिरोई तीन वर्षं स्ट्रातिसचं नाव पहिल्या चिठ्ठीवर लिहीत होती, कुणाला पत्ता लागू न देता. देह दिसला नाही तर माणूस गेला कशावरून? बाईनं तीस वर्षं संसार केला होता त्याच्याबरोबर. तिचा हात दुसऱ्या चिठ्ठीकडे वळतच नव्हता.

पहिला मुक्काम स्किनूसाला. दुपारचे तीन वाजलेले, सगळं गाव दारं-खिडक्या लावून झोपलेलं. सिकाडा किड्यांची किर्र आणि तापलेल्या दगडांचा वास, बाकी काही नाही. आर्गिरिसनं पुढे नांगर सोडला. कालिरोई बोट उलटी, शेपटीकडून धक्क्याला आणत होती. मागची दोरी फेकायची होल्गरला भारी हौस. त्यानं फेकली. दोरी दगडांवर पडली, सरपटली... आणि ताणली गेली.

होल्गरनं हात उंचावून कुणाचे तरी आभार मानले.

कालिरोईची नजर धक्क्यावरच होती. तिथं मांजरसुद्धा नव्हतं.

ती खाली उतरली. दोरी लोखंडी कडीला बांधलेली होती, आणि गाठ उलट्या बाजूनं घातलेली. डावखुऱ्या माणसाची गाठ, स्ट्रातिस बांधायचा तशी. तिनं गाठीवर हात ठेवला. दगड पोळत होते, पण दोरी विहिरीतून काढल्यासारखी गार होती.

जेवताना तिनं होल्गरला सहज विचारल्यासारखं विचारलं. भला माणूस होता, होल्गर म्हणाला. दाढीवाला, अनवाणी. कपडे ओले होते. पोहायला गेला असेल. बोलला काही नाही. सारखा तुमच्या मुलाकडे बघत होता.

कालिरोईनं त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

दुसऱ्या दिवशी धक्का दिसायच्या आधी तिनं केस विंचरले. तिसऱ्या दिवशी निळा झगा घातला, जो तिनं तीन वर्षांत ट्रंकेतून काढला नव्हता. प्रत्येक बंदरात, प्रत्येक दुपारी, दोरी ताणली जायची. तिला तो एकदाही दिसला नाही. पण न दिसणाऱ्या माणसासाठीही बाई नटते हो. दोरीच्या त्या टोकाला तो आहे एवढं तिला पुरत होतं. उतरल्यावर ती गाठीपाशी उकिडवी बसायची आणि हळू आवाजात दिवसभराचं सांगायची. शिडाला ठिगळ लावलं. टोमॅटो महाग झाले. तुझा लेक हसत नाही रे.

दोनूसाला आर्गिरिसनं तिला असं बसलेलं पाहिलं. तो गाठीकडे बघतच राहिला. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता.

"आई... ही गाठ कुणी बांधली?"

"तुला माहीत आहे."

त्यानं तिथंच तिच्याकडून सगळं काढून घेतलं. चिठ्ठीची गोष्ट ऐकल्यावर तो तिच्याशेजारी टेकला. पोराला राग येईल असं तिला वाटलं होतं, पण तो रडत होता.

"तू त्याला धड इकडचा ठेवला नाहीस, धड तिकडचा होऊ दिला नाहीस," तो म्हणाला. "तीन वर्षं ओल्या कपड्यांत उभा आहे तो. सोड आता त्याला."

"मग माझी दोरी कोण धरेल?"

"मी धरीन ना, आई."

ती रात्र तिनं कशी काढली हे तिचं तिलाच ठाऊक. सकाळी तिनं बोटीवरच्या छोट्या शेगडीवर मेलेल्यांसाठी गहू शिजवले, त्यात साखर, बेदाणे, बदाम घातले. मग दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीवर कालिरोई आणि आर्गिरिस. दुसरीवर क्रूस काढला, पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी लिहिलं: स्ट्रातिस. दोन्ही चिठ्ठ्यांच्या घड्या घालून तिनं पाकिटात ठेवल्या.

दुपारी आमोर्गोसला पोचले तेव्हा दोरी दगडांवर पडली आणि पडूनच राहिली. आर्गिरिसनं उडी मारून ती बांधली. कालिरोई निळा झगा घालून सुकाणूपाशी उभी होती. ती पोराकडे बघून हसली.

रविवारी सकाळी टेकडीवरच्या लहानशा चर्चमध्ये पंधरा-वीस माणसं होती. म्हाताऱ्या पाद्रीबुवांनी आधी जिवंतांची नावं वाचली. "कालिरोई," ते म्हणाले, अडखळले, आणि पुढच्या घराच्या चिठ्ठीकडे वळले. आर्गिरिसचं नाव वाऱ्यात ऐकू आलं नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग मेलेल्यांची नावं आली. "स्ट्रातिस." तीन वर्षं अडकलेलं रडू एकदम वाहायला लागलं. आर्गिरिसनं तिला जवळ घेतलं. मेणबत्तीच्या उजेडात त्याचा चेहरा लहानपणीसारखा दिसत होता. झालं, तिला वाटलं. पोचला माझा माणूस.

प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवांनी तिला बाजूला बोलावलं.

"चिठ्ठी पाण्यात पडली होती का, बाई? एकच नाव वाचता आलं."

त्यांनी तिच्या तळहातावर चिठ्ठी ठेवली. ती ओलीचिंब होती आणि समुद्राचा वास मारत होती. स्ट्रातिसची चिठ्ठी, तीही त्याच पाकिटातली, कोरडी ठणठणीत होती.

ओल्या चिठ्ठीवरचं अक्षर तिचं नव्हतं. डावीकडे झुकलेलं, प्रेमानं, सावकाश काढलेलं, तीस वर्षं वाणसामानाच्या याद्यांवर पाहिलेलं ते अक्षर. कालिरोई. त्याखाली दुसऱ्या नावाची जागा होती. ते पुसलेलं नव्हतं, फिसकटलेलंही नव्हतं. तिथं कधी कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. सारखा तुमच्या मुलाकडे बघत होता, असं होल्गर म्हणाला होता.

"पाद्रीबुवा... मी इथं माझ्या मुलाचं नाव लिहिलं होतं..."

बाहेर अंगणात आर्गिरिस म्हाताऱ्यांना कागदी पेल्यांतून गहू वाटत होता. त्यातली एक काहीतरी चावट बोलली असणार, कारण तो मान मागे टाकून पोटभर हसला.

कालिरोईनं पाद्रीबुवांच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली, चिठ्ठी चर्चच्या थंड भिंतीला लावली आणि आपल्या नावाखाली लिहायला घेतलं. आ. तिनं पुन्हा गिरवलं. आणखी जोर दिला.

ओल्या कागदावर पेन्सिल उमटेना.