पाच व्होल्ट, पण कुठून?

एक कोडं घालते. तुम्हाला लगेच सुटलं तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार, कारण माझं त्यानं अख्खा आठवडा डोकं खाल्लं होतं.

बटणं चांगली आहेत. तारा चांगल्या आहेत. संगणक चांगला आहे. दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या आहेत. एकेक वस्तू वेगळी तपासली तर शहाण्या बाळासारखी वागते. सगळ्या एकत्र जोडल्या की मात्र अंगात आल्यासारखं करतात. डावं बटण दाबलं नसतानाही पडद्यावरची गाडी डावीकडे पळते, दाबलं तर कधी थांबते, कधी उलटी जाते. एवढंच काय, मी टेबलापासून नुसती उठून उभी राहिले तरी ती उजवीकडे वळते. तर मग चूक कुठे आहे?

आता मी कोण ते सांगते. मी संयुक्ता चौगुले, सातवीत शिकते, इचलकरंजीत राहते. माझ्या दोन्ही हातांची बोटं जन्मापासून वळत नाहीत. तळहात, मनगट, कोपर एकदम दणकट आहेत, पण मूठ मिटत नाही. आणि चंद्रावरची गाडी चालवायची तर मुठीत दांडा धरावा लागतो.

हो, चंद्रावरचीच! तिचं नाव 'घोरपड'. बादलीएवढी सहा चाकांची गाडी. चांद्रकेंद्रानं त्या वर्षी शाळांमधल्या मुलांना ती पृथ्वीवर बसून चालवायला द्यायचं ठरवलं, आणि आमच्या शाळेतून माझा नंबर लागला. आमच्या बाईंनी केंद्रात विचारलं तेव्हा उत्तर आलं, "दांडा धरता येत नसेल तर शेजारी कुणीतरी मदतीला बसवा. नाहीतर स्वतःचं नियंत्रण-टेबल घेऊन या. पण शनिवारी सकाळी त्याची चाचणी होईल. चाचणीत गाडी एकदा जरी भलतीकडे वळली, तर संधी पुढच्या मुलाला."

शेजारी बसलेल्या कुणीतरी "सांग गं, कुठं वळवू?" असं मला विचारावं, हे मला नको होतं. मला माझी गाडी मीच चालवायची होती.

म्हणून मी आण्णांच्या आवारात गेले. आण्णा म्हणजे माझे आजोबा, जिनपाल चौगुले. त्यांनी आयुष्यभर उपग्रहांची विद्युतमंडलं (वीज फिरण्यासाठी आखलेल्या वाटा) बनवली आणि निवृत्त झाल्यावर भंगाराचं दुकान टाकलं. आईच्या मते त्यांचं डोकं फिरलंय. आण्णांच्या मते लोकांची फिरली आहेत, चालू वस्तू फेकून देतात. त्यांच्याकडे ठोंब्या नावाचा एक यंत्रमानवही आहे, तोही कुठल्याशा गोदामानं फेकलेलाच. तो भंगार निवडतो आणि पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलतो.

"पाहिजे ते घे," आण्णा म्हणाले. "पण हात मी लावणार नाही. टेबल तुझं, डोकं पण तुझंच लागलं पाहिजे."

मग मी टेबल रचायला घेतलं. खाली दवाखान्यातला मोटारीवर वर-खाली होणारा पलंग, म्हणजे उंची हवी तशी करता येईल. त्यावर बंद पडलेल्या बँकेचा गुळगुळीत काउंटर. तळहातानं थापटता यावीत म्हणून पाडलेल्या इमारतीतल्या लिफ्टची बटणं, पोळपाटावरच्या पुरीएवढी मोठी. वेगासाठी शिवणयंत्राचं पायडल. पडद्यासाठी कडेला तडा गेलेला टीव्ही आणि मेंदू म्हणून एका ई-रिक्षातला छोटा संगणक. सरावासाठी त्यात एक चित्रातली गाडी भरली. जड वस्तू ठोंब्यानं उचलल्या, स्क्रू मी मनगटाला पट्ट्यानं पेचकस बांधून पिळले. खरं सांगते, ते टेबल उभं राहिलं तेव्हा मी त्याच्याभोवती नाचले.

फक्त एक अडचण आली. पलंगाची मोटार सुरू झाली की ती एकदम इतकी वीज ओढायची की बटणांचे दिवे मिणमिणायचे. म्हणून मी दोन घरं वेगळी केली. मोटार, टीव्ही आणि संगणक स्कूटरच्या मोठ्या बॅटरीवर. बटणं आणि पायडल सौर कंदिलाच्या छोट्या बॅटरीवर. बटणांकडून संगणकाकडे गेल्या फक्त संकेताच्या तारा (निरोप नेणाऱ्या तारा).

आणि मी आण्णांचा नियम कसोशीनं पाळला. तो त्यांच्या दारावर लाल रंगात लिहिलेला आहे, आमच्या घरातलं तान्हं मूलही तो ऐकतच मोठं होतं: 'दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडायच्या नाहीत.' मी त्या इतक्या लांब ठेवल्या की एकीला दुसरीचा वारा लागू नये.

त्यानंतर ते वेड सुरू झालं.

शुक्रवारी दुपारी मी वैतागून टेबलाला लाथ घातली. आण्णा भडंगाची ताटली घेऊन आले.

"काय गं संयू, त्या बिचाऱ्यानं काय केलंय?"

"आण्णा, सगळं बघितलो की मी! बटण बदललो, तारा बदललो. ठोंब्याला पण विचारलो."

"प्रत्येक भाग निर्दोष आहे," ठोंब्या म्हणाला.

"हे एवढंच म्हणतोय सकाळपासनं!" मी ओरडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "उद्या माझी गाडी दुसराच कोणतरी चालवणार, आण्णा."

आण्णांनी ताटली खाली ठेवली आणि मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचं हातात मावणारं यंत्र) माझ्यापुढे सरकवला. त्याला एक लाल आणि एक काळी टोकदार सळई असते.

"डावं बटण दाबून धर, ठोंब्या. संयू, त्याचा दाब मोज."

सळया मनगटांच्या पट्ट्यांत अडकवून मी लाल सळई संकेताच्या तारेला लावली, काळी कंदिलाच्या बॅटरीच्या ऋण टोकाला. आकडा आला, पाच व्होल्ट. (व्होल्ट म्हणजे विजेचा दाब मोजायचं माप.)

"बघा की! बरोबर हाय."

"आता लाल तिथंच राहू दे. काळी उचल आणि संगणकाच्या बाजूला लाव, मोठ्या बॅटरीच्या ऋण टोकाला."

लावली. आकडा शून्याजवळ गेला, मग भलतीकडेच सरकला, मग परत आला. एका जागी ठरेचना. तीच तार, तेच दाबलेलं बटण!

"मीटर बिघडला," मी म्हणाले.

"व्हय, दुसरं काय," आण्णा हसले. "ठोंब्या, चल रे."

आवारात सामान उचलायचा एक सरकता पाट आहे, कळ फिरवली की वर जातो. आण्णांनी त्याच्यापुढे ताडपत्री टांगली आणि मला न दाखवता ठोंब्याला पाटावर उभं केलं. आता मला फक्त तिच्यावरून डोकावणारा त्याचा हात दिसत होता. मागच्या भिंतीवर जमिनीपासूनचे फूट आखलेले होते.

"ठोंब्या, पायापासून बरोबर पाच फुटांवर हात धर. संयू, भिंतीवर किती दिसतंय?"

"साडेपाच."

ताडपत्रीमागे काहीतरी कुरकुरलं. "आता?" आण्णांनी विचारलं.

"सात. आता पावणेआठ. आण्णा, ह्यो खोटं बोलतोय!"

"मी खोटे बोलण्यास असमर्थ आहे," ताडपत्रीमागून उत्तर आलं. "हात पाच फुटांवरच आहे."

आण्णांनी ताडपत्री ओढली. ठोंब्या पाटावर उभा होता आणि पाट वर-खाली होत होता. हात त्याच्या पायापासून तंतोतंत पाच फुटांवर होता. पण त्याचे पाय कुठे होते, हे मला कळायला मार्गच नव्हता.

मी भडंगाचा घास घेतला होता, तो तसाच तोंडात राहिला.

"आण्णा... पाच फूट म्हणजे कुठनं तरी पाच फूट."

"हं. आणि पाच व्होल्ट?"

"कुठनं तरी पाच व्होल्ट!"

विजेचा दाब हा नेहमी दोन ठिकाणांमधला फरक असतो. त्याला विभवांतर (दोन ठिकाणांच्या विजेच्या दाबातलं अंतर) म्हणतात. बटण म्हणत होतं, "मी पाच व्होल्टवर आहे," पण ते मोजत होतं छोट्या बॅटरीच्या ऋण टोकापासून. संगणक मोजत होता मोठ्या बॅटरीच्या ऋण टोकापासून. दोघांची जमीनच वेगळी! दोघंही खरं बोलत होते आणि एकमेकांचं काडीचंही कळत नव्हतं. जिथून मोजायला सुरुवात करायची, त्या शून्य पातळीला ग्राउंड म्हणतात. माझ्या टेबलाला दोन ग्राउंड होती आणि त्यांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

मी उठले की गाडी का वळायची, तेही मग उलगडलं. पक्की जमीन नसलेली संकेताची तार अधांतरी असते. घरातल्या तारांची, माणसाच्या अंगाची बारीकशी विद्युत-कुजबुजही तिला ऐकू येते आणि तीच ती निरोप म्हणून पोचवते.

"मग दोन्ही जमिनी एक करायच्या," मी म्हणाले. "छोटीचं ऋण टोक आणि मोठीचं ऋण टोक, मध्ये एक तार." आणि बोलता बोलताच माझी नजर दारावरच्या लाल अक्षरांकडे गेली. "पण आण्णा, तुमचा नियम?"

आण्णांनी दाराकडे बघितलं. मग डोकं खाजवत म्हणाले, "अर्धाच लिहिलाय की मी तो. आता तूच सांग, मोठ्या बॅटरीतली वीज त्या तारेतनं छोटीत घुसंल?"

मी विचार केला. वीज वाहायला गोल वाट लागते, निघाली तिथे परत यावं लागतं. दोन बॅटऱ्यांमध्ये एकच तार असेल तर जायला वाट आहे, परतायला नाही. "नाही घुसणार! धन टोकं एकमेकांना लागली तर परतीची वाट मिळंल. मग धोका."

"मोड मग नियम."

(तुम्ही करणार असाल तर छोट्या बॅटऱ्यांवर, मोठ्या माणसाला शेजारी बसवून करा. भिंतीतल्या विजेशी हा खेळ केलात तर माझ्याशी गाठ आहे.)

मी एक लांबलचक काळी तार घेतली. ठोंब्यानं धरली, मी मनगटाच्या पेचकसानं दोन्ही टोकं आवळली. मग डाव्या बटणावर तळहात मारला.

गाडी डावीकडे वळली. हात काढला, सरळ झाली. उजवं बटण, उजवीकडे! मी उठले, बसले, टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या, मुद्दाम पलंगाची मोटार सुरू करून टेबल वर-खाली केलं. पडद्यावरची गाडी ढिम्म हलली नाही. मी अशी किंचाळले की रस्त्यावरचा फळवाला आत डोकावला.

"प्रत्येक भाग निर्दोष आहे," ठोंब्या म्हणाला, "आणि आता सगळे मिळूनही." हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी टेम्पोतून टेबल शाळेत नेलं. पडद्यावर चांद्रकेंद्रातल्या देवस्थळीबाई आल्या. त्यांनी चाचणीत मला डावीकडे, उजवीकडे, थांब, पुन्हा डावीकडे असं खूप नाचवलं. एकदाही चूक झाली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "हे टेबल कुठल्या कंपनीचं?"

"माझं आहे," मी म्हणाले.

"मग घोरपडही घे. तुझ्या ताब्यात."

पडद्यावर राखाडी माती उजळली आणि वर काळं कुट्ट आकाश. मी पायडल दाबलं. काहीच झालं नाही. मग आठवलं. निरोपाला चंद्रावर पोचायला एका सेकंदाहून जास्त लागतं आणि चित्राला परत यायला तेवढंच. दाबायचं, थांबायचं, बघायचं. आणि खरंच, दमानं घोरपड हलली! इथे माझा पाय, तिथे तिची चाकं! मी तिला एका दगडाला वळसा घालून नेलं, एक छोटा चढ चढवला आणि खड्ड्याच्या काठावर नेऊन उभं केलं. देवस्थळीबाई म्हणाल्या, "संयुक्ता, या बाजूला आजवर कुणीच आलेलं नाही." मागे शाळेतली सगळी मुलं बाकांवर चढून ओरडत होती आणि आण्णा सगळ्यांत मोठ्यानं.

"मागे वळून बघायचंय?" बाईंनी विचारलं.

मी उजव्या बटणावर तळहात ठेवला. घोरपड सावकाश वळली. मातीत चाकांच्या रेघा लांबवर उमटलेल्या होत्या, सरळ, आणि दगडापाशी सुरेख वळलेल्या. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. त्या रेघा लाखो वर्षं तशाच राहतील. पुढे कधीतरी तिथे माणसं राहायला जातील, त्यांच्यात कदाचित मीही असेन, आणि कुणी विचारलं की या पहिल्या रेघा कुणाच्या, तर मी सांगेन, माझ्या.