कळव्याचा फ्लॅट दाखवताना

पटत नसेल त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण हे घडलेलं आहे, आणि जिच्या बाबतीत घडलं ती हेमांगी आजही कळव्याला जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून टाळते.

रात्र नव्हती. अमावस्या तर मुळीच नव्हती. गेल्या मे महिन्यातला रविवार, टळटळीत दुपार, आणि कळव्यातला तिच्या सासूबाईंचा फ्लॅट.

सासूबाई फेब्रुवारीत गेल्या. हेमांगी आणि तिचा नवरा अनिमेष माजिवड्याला राहतात. रिकामं घर भाड्याने द्यायचं ठरलं. पण भाडेकरू चांगला हवा. कुटुंबवाला, घर जपणारा. असे लोक यायला हवेत तर घरही तसंच दिसायला हवं, हे हेमांगीने मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून पक्कं केलं होतं.

मग ती हात धुऊन घराच्या मागे लागली. भिंतींना क्रीम रंग दिला. बाथरूममधली आधाराची दांडी काढून भोकं व्हाइट सिमेंटने बुजवली. कॉट, औषधांचा डबा, सासूबाईंचं लाकडी स्टूल, सगळं भंगारवाल्याकडे गेलं. त्यांचा हार घातलेला फोटो माळ्यावर. कपाटातला बामचा वास काही जाईना, तिथे कापूर ठेवला. नव्या उशा आल्या, मनी प्लांट आला, दाराला तोरण लागलं. गॅसवर वेलची घालून पाणी उकळत ठेवलं, म्हणजे घरात नुकताच शिरा झाल्यासारखं वाटतं.

आजारपणाची एकही खूण उरली नाही. हेमांगी स्वतःवरच खूश होती.

"मॅडम, आज पार्टी फायनल होणार बघा," एजंट अण्णा सोफ्यावर टेकत म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला...

घर्रर्र...

फरशीवरून लाकडी स्टूल ओढल्याचा.

मग...

खट्.

कडी लागली.

हेमांगी होती तिथेच थिजली. हे दोन्ही आवाज तिच्या ओळखीचे होते. चांगल्याच ओळखीचे.

सासूबाई होत्या तेव्हापासूनच त्यांना माजिवड्याला आणून हा फ्लॅट भाड्याने द्यायचं चाललं होतं. रविवारी लोक बघायला यायचे. पण दम लागलेली, खोकणारी म्हातारी दिसली की नंतर फोन उचलायचे नाहीत. "पेशंट माणूस दिसलं की पार्टी परत येत नाय," अण्णा म्हणाला होता. मग हेमांगीनेच युक्ती काढली.

"आई, बेल वाजली की जरा ड्राय बाल्कनीत बसाल? पाचच मिनिटं."

ड्राय बाल्कनी म्हणजे स्वयंपाकघरामागची वॉशिंग मशीनपुरती जागा. दुपारचं ऊन थेट आत. सासूबाई तयार झाल्या. बेल वाजली की स्वतःच स्टूल ओढत आत जायच्या, आणि कोणी दार उघडू नये म्हणून हेमांगी बाहेरून कडी लावायची. "तिथे पसारा आहे हो," असं लोकांना हसून सांगायची. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून सासूबाई तोंडात पदर धरून बसायच्या. रविवारी ड्युटीवर असणाऱ्या अनिमेषला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनीही त्याला कधी सांगितलं नाही.

बेल पुन्हा वाजली. अण्णानेच दार उघडलं.

सर्वेश, त्याची बायको सान्वी आणि आई नंदाकाकू. सर्वेश खोपटला बँकेत. बोलणं नम्र, चपला नीट ओळीत काढलेल्या. हवे होते अगदी तसे लोक! हेमांगीने स्वतःला सावरलं आणि बेडरूम दाखवायला लागली. नंदाकाकू ओटा बघते म्हणून एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या.

जरा वेळाने बाहेर आल्या, त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"अहो, त्या आजींना आत बोलवा की. उन्हात बसल्यात."

"कोण आजी?"

"मागे स्टुलावर बसल्यात त्या. बाहेरून कडी लागलेली, मी काढली. चुकून लागली असेल ना? मी म्हटलं, आत या. तर मान हलवली नुसती. म्हणाल्या... पार्टी गेल्यावर येते."

अण्णाने खाली मान घातली. त्याला सगळं ठाऊक होतं.

सगळे हेमांगीकडे बघत होते. तेव्हा तरी तिने खरं सांगायचं. निदान गप्प बसायचं. पण हातातोंडाशी आलेली माणसं निघून जातील म्हणून ती पटकन बोलून गेली, "त्या होय... कामाच्या बाई आहेत. जातील आता."



वेलचीच्या वासावर हळूहळू दुसरा वास चढला...

बामचा.

आणि स्वयंपाकघरामागून, पदरात दाबलेला, एक खोकला...

"बघा, खोकला पण आहे बिचारीला," नंदाकाकू म्हणाल्या.

हेमांगी धावत आत गेली. ड्राय बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं. स्टूलही नव्हतं. फरशी मात्र अशी तापलेली, की तिला पाऊल टेकवेना.

भीती तिला नंतर वाटली. आधी लाज वाटली. त्या फरशीवर तिने स्वतःचं पाऊल कधी ठेवून बघितलंच नव्हतं. मेलेल्या बाईलाही आपण घरातली म्हटलं नाही, या विचाराने तिला तिथेच रडू फुटलं.

त्या लोकांनी घर घेतलं. हेमांगीने त्यांना काही सांगितलं नाही. ती कडी तेवढी उखडून टाकली.

दिवाळीत फराळाचा डबा द्यायला तिला जावंच लागलं. संध्याकाळची वेळ होती. तिने बेल दाबली.

आतून आवाज आला...

घर्रर्र...

आणि लगेच नंदाकाकूंचा आवाज, "अहो, उठताय कुठे? बसा तुम्ही. कोण आलंय ते मी बघते."

स्टुलाचा आवाज थांबला.

दार उघडलं. नंदाकाकू हसल्या. "या ना! मी एकटीच आहे, पोरं खरेदीला गेलीत."

हॉलमध्ये दुसरं कोणी दिसत नव्हतं. पंखा फिरत होता. बामचा वास येत होता.

कोणाशी बोलत होतात, हे हेमांगीने विचारलं नाही. डबा हातात दिला, घाईत असल्याचं सांगितलं आणि लिफ्टची वाटही न बघता जिना उतरली.

अनिमेषला तिने अजून काही सांगितलेलं नाही. तिला झोप लागत नाही, पण ती त्या आवाजामुळे नाही. "बसा तुम्ही." एवढंच म्हणायचं होतं. ते परक्या घरातल्या बाईला सुचलं, आणि सासूबाईंनी तिचं ऐकलं.