अर्धी ओळ उचलणारा

बीडच्या समुपदेशन केंद्राबाहेर, रसवंतीच्या सावलीत दीपमाला आणि रामेश्वर अचानक समोरासमोर आले. दोघंही वेळेआधी पोचलेले. ती तलवाड्याहून, माहेरातून. तो नांदूरघाटाहून, रिकाम्या घरातून.

"दादा, मला एक रस, बर्फ—"

"—न टाकता," रामेश्वरनं पुरं केलं.

"टाकून म्हणणार होते," दीपमाला म्हणाली, अन् तरी ओठ दाबून हसली.

हेच तर भांडण होतं. रामेश्वर टाळकरी. बुवांनी चरण अर्धा सोडला की मागच्यांनी तो उचलायचा, ही कीर्तनातली गोड रीत त्याच्या अंगात भिनलेली. घरीही तो बायकोचं बोलणं तसंच उचलायचा. फक्त अभंग त्याला पाठ होते, बायको नव्हती. दिवाळीला ती माहेरी गेली, ती परतलीच नाही. नांदायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

केंद्रातल्या सुभद्राबाईंनी एकच नियम घातला. "ही बोलेल. रामेश्वरराव, तिचं संपलं की जे ऐकलं ते आधी तिला परत सांगायचं. मग तुमचं."

"तुमी कीर्तनाला गेलात की मला..." दीपमाला अडखळली.

"भ्या वाटतं, म्हाईत हाय. म्हणून तर शेजारच्या छबुबाईला सोबतीला—"

"रामेश्वरराव," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

मांडीवर ताल धरू पाहणारी बोटं त्यानं मुठीत आवळली. पंखा कुरकुरत राहिला... दीपमालानं त्याच्याकडं पाहिलं. तो नुसता वाट बघत होता. असा तो तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"...मलाबी यायचं असतं," ती म्हणाली. "भ्या न्हाई वाटत. सारा गाव तुमचा आवाज ऐकतो, अन् मी भांडी घासत लांबून ऐकते. मला म्होरं बसून ऐकायचाय. लई आवडतो मला... आवाजबी, अन्..."

जागा आयती होती. त्यानं उचलली नाही.

"...अन् तुमीबी."

रामेश्वरचे डोळे भरून आले. "तुला माझ्यासंगं कीर्तनाला यायचंय," तो एकेक शब्द जपून म्हणाला. "अन् मी... मी तुला आवडतो." सुभद्राबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "आज सप्त्याचं कीर्तन हाय. येतीस?"

"अशीच? साडी तरी बदलू द्या. घरून जाऊ."

"कोन्या घरून?" त्यानं विचारलं, अंदाज न बांधता, खरंच विचारलं.

"आपल्या," दीपमाला म्हणाली.