दोन दारांची टपालपेटी

"यंत्राला उघडता येईल, पण वानराला उघडता येणार नाही, असं झाकण सांगा बघू नाना!"

मंगळवारची सकाळ. शलाकाचे आजोबा, नाना, दाढी करत होते आणि ती हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होती. गालाला साबण असताना नाना बोलत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण उत्तरासाठी थांबणं हा प्रकार तिला जन्मात जमला नव्हता. ती ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली.

तिच्या हातात अर्ध्या पत्राचा चुरगळलेला कागद होता. पत्र आईचं. शलाकाची आई बर्फाच्या थरांचा अभ्यास करायला वर्षभरासाठी अंटार्क्टिकावर गेली होती. तिथून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बोलता यायचं, आणि त्यातही निम्मा वेळ आवाज तुटायचा. म्हणून शलाकानेच हट्ट धरला होता, की हाताने लिहिलेलं पत्र पाठव, मला तुझं अक्षर बघायचंय. आईने पाठवलं. ते जहाजाने आलं, विमानाने आलं, शेवटी टपालयानाने (टपाल पोचवणारं, माणसाशिवाय उडणारं छोटं यंत्र) कारवीघाटात आलं आणि घराच्या फाटकाशी पोचल्यावर वानराने फाडून अर्धं खाल्लं. अख्खा समुद्र सुखरूप ओलांडला आणि चाळीस पायऱ्यांवर घात झाला!

हे चाळीस पायऱ्यांचं दुखणं जुनंच. घर डोंगराच्या उतारावर, रस्त्याच्या खाली. फाटकातून चाळीस पायऱ्या उतरल्या की अंगण. वर जांभळीची दाट झाडं, त्यामुळे टपालयानाला अंगणात उतरता येत नसे. ते फाटकाशी थांबे, तिथल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण चिमट्याने उचले, टपाल टाके आणि भुर्रकन निघून जाई. जवळ माणूस उभा असेल तर ते उतरतच नसे. कुणाला पात्यांची इजा होऊ नये म्हणून त्याला तसा नियमच घालून दिलेला. तेव्हा पेटीशेजारी राखण करत बसायचीही सोय नव्हती. खालून धावत जावं, तर तोवर 'सरपंच' हजर.

सरपंच म्हणजे वानरांच्या टोळीचा काळतोंड्या म्होरक्या. हे नाव गावानेच ठेवलेलं. गावच्या खऱ्या सरपंचबाईंना ते मुळीच आवडत नसे. मागच्या महिन्यात त्याच्याशी शर्यत लावायला गेले आणि नाना पायरीवरून घसरले. गुडघा अजून सुजलेला होता.

"शनिवारी दुसरं पत्र येणार आहे," शलाका म्हणाली. "समुद्र गोठायच्या आधीच्या शेवटच्या जहाजातलं. त्यानंतर आई येईपर्यंत पत्रच नाही. आणि या वाक्याचं पुढचं मला कळलंच पाहिजे, नाना!"

वाक्य तिला पाठ होतं. 'इथे घरात शिरायला दोन दारं आहेत. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. परवा मी घाईघाईत...' बस्स. पुढचं सरपंचाच्या पोटात. फोनवर विचारलं तर आई नुसती हसली आणि म्हणाली, "पुढच्या पत्रात लिहिते."

नानांनी तोंड पुसलं. त्यांची सारी नोकरी धरणांचे दरवाजे बनवण्यात गेलेली. साधं उत्तर ते कुणालाच देत नसत.

"मला सांग, कुलूप काय करतं?"

"दार बंद ठेवतं."

"सगळ्यांना?"

"किल्लीवाल्याला सोडून."

"म्हणजे आपला कोण, परका कोण, हे कुलूप किल्लीवरून ठरवतं. टपालयानाकडे किल्ली आहे?"

"नाही. ते झाकण वर उचलतं, एवढंच."

"आणि सरपंच?"

"तोही वरच उचलतो." शलाकाचा चेहरा पडला. पण गप्प बसेल तर ती शलाका कसली! त्याच दुपारी तिने झाकणावर भला मोठा दगड ठेवला. टपालयान आलं, चिमट्याने दोनदा झटापट केली आणि आपल्या सरकारी आवाजात म्हणालं, "सदर पेटीचे झाकण उचलणे शक्य नाही. टपाल परत नेण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार." नानांचं मासिक आल्या वाटेने परत गेलं. ते गेल्यावर सरपंचाने एका हाताने दगड ढकलून दिला. बुधवारी शलाकाने झाकणाला ताठ स्प्रिंग लावली. तिचंही तेच झालं. जे यंत्राला जड, ते वानराला खेळणं.

बुधवारी संध्याकाळी तिला जेवण जाईना. भाकरी ताटात तशीच. मधले दोनच दिवस उरले होते. तिने पुन्हा तो अर्धा कागद काढला. महिनाभर ती ते वाक्य वाचत होती, पण लक्ष सगळं पुढे काय होतं त्याच्याकडे. जे लिहिलेलं होतं, ते तिने कधी नीट वाचलंच नव्हतं.

"पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही," ती पुटपुटली. आणि ताडकन उठली. "नाना, उघडू दे की त्याला!"

"कुणाला?"

"सरपंचाला! खुशाल उघडू दे झाकण. फक्त तो उघडेल तेव्हा आत काही नसलं पाहिजे. पेटीला दोन दारं करायची. वर झाकण आणि खाली तळ. झाकण उघडं तेव्हा तळ बंद. झाकण लागलं की तळ उघडणार आणि टपाल खाली पडणार!"

नानांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं. खरकट्या हाताने काही करू नये असं बजावणारे नाना, पण डाव्या हाताने पेन्सिल ओढून त्यांनी जमिनीवरच आकृती काढली.

"याला आंतरबंध म्हणतात (दोन भागांची अशी जोडणी, की एक हलला की दुसऱ्याला त्याप्रमाणे हलावंच लागतं). धरणावर आम्ही वापरायचो. इथे एक सळई पुरे. तिचं वरचं टोक झाकणाला, खालचं टोक तळाच्या फळीला. झाकण उचललं की सळई फळीला वर ओढते, तळ बंद. झाकण मिटलं की सळई खाली येते आणि फळी लोंबते, तळ उघडा. पण झाकण अर्धवटच उचललं तर?"

"तर दोन्ही अर्धवट उघडतील," शलाका विचार करत म्हणाली. "पण सरपंच येईपर्यंत टपालयानाने झाकण एकदा मिटलेलं असणार. टपाल तेव्हाच खाली गेलेलं असेल!"

"आणि खाली म्हणजे कुठे?"

शलाकाने चाळीस पायऱ्यांकडे बोट दाखवलं. घर रस्त्याच्या खाली आहे, याचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

गुरुवारी दोघांनी मिळून पेटी केली. शेतात पडून असलेले रुंद पाइप जोडून पेटीपासून ओसरीपर्यंत घसरगुंडी आणली. ओसरीवर, पाइपाच्या तोंडाशी, धान्याची टोपली. शलाकाने एक पाकीट टाकून पाहिलं. ते निम्म्या वाटेवर अडकलं. दुसरं टाकलं, तेही अडकलं. तिने वैतागून पाइपाला लाथ मारली.

"लाथेने घर्षण कमी होत नाही," नाना म्हणाले. "घर्षण म्हणजे घासणाऱ्या दोन वस्तू एकमेकींना धरून ठेवतात, तो विरोध. तो कमी कर, नाहीतर उतार वाढव."

शुक्रवारी तिने सांध्यांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि मध्येच खाली झुकलेल्या पाइपाखाली दगड रचून उतार वाढवला. अंधार पडायच्या आत पाकीट सरसरत खाली आलं आणि टोपलीत पडलं. शलाका आनंदाने अंगणभर नाचली.

शनिवार उजाडला. शलाका अंघोळ करून बाहेर येते, तर फाटकाशी हा गोंधळ! पेटीवर सरपंच बसलेला. आजूबाजूला सगळी टोळी. वर टपालयान घिरट्या घालत होतं. "पेटीवर प्राणी आढळला आहे. तीन मिनिटांत जागा मोकळी न झाल्यास टपाल परत नेण्यात येईल."

शलाका धापा टाकत पायऱ्या चढली. झाकणावर पितळी ताटली होती आणि ताटलीत चणे-गूळ.

"नाना! हे कुणी ठेवलं?"

खालून नानांचा आवाज आला, "अगं, मीच. शनिवार नाही का आज! मारुतीच्या नावाने वानरांना चणे-गूळ घालतो मी. तुझी आजी होती तेव्हापासून."

"पण पेटीवर?"

"सपाट जागा तेवढीच..." नाना बोलता बोलता थांबले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे या पेटीपाशी खाऊ मिळतो, हे त्यांना मीच शिकवलं म्हण की."

धरणाचे दरवाजे बांधणारा माणूस दर शनिवारी स्वतःच्या टपालपेटीवर वानरांची पंगत वाढत होता! शलाकाला हसावं की रडावं कळेना. पण वेळ कुठे होता? तिने लांब काठीने ताटली ओढून घेतली आणि रस्त्यापलीकडच्या कातळाकडे धूम ठोकली. टोळी तिच्यामागे. तिने चणे कातळावर उधळले आणि मागे वळून पाहिलं.

टपालयान उतरलं. चिमट्याने झाकण उचललं. निळं पाकीट आत पडलं. झाकण मिटलं.

त्याच क्षणी सरपंचाच्या लक्षात आलं. चणे सोडून तो तीन उड्यांत पेटीपाशी पोचला. झाकण उचललं, हात घातला, मग डोकंही घातलं. पेटी रिकामी! त्याने झाकण मिटून पुन्हा उघडलं. पुन्हा रिकामी. मग तो इतका अपमानित चेहरा करून बसला, की शलाकाला क्षणभर त्याची कीवच आली.

"आलं गं आलं!" खालून नाना ओरडले. "एकही पायरी न चढता आलं!"

शलाका दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली. पाकीट अखंड होतं. आईचं अक्षर, थोडं उजवीकडे कललेलं.

'शलाके, आधी तुझं वाक्य पूर्ण करते. परवा मी घाईघाईत पहिलं दार नीट न लावताच दुसरं ओढायला गेले. ते हलेचना. दोन दारांच्या मधल्या एवढ्याशा खोलीत, जाड कपड्यांत घुसमटून, मी अशी चिडले! मग वाटलं, तू असतीस तर दारावर लाथाच मारल्या असत्यास. मायलेकी एकाच मातीच्या. पण मी तिथे थोडं थांबते म्हणूनच आतली सगळी माणसं उबेत राहतात. सध्या तू आणि मीसुद्धा अशाच मधल्या खोलीत आहोत, असं समज. मागचं दार लागलंय. पुढचं जानेवारीत उघडेल.'

शलाकाचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत. नानांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारी खऱ्या सरपंचबाई स्वतः पेटी बघायला आल्या. चारदा झाकण उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "शलाका, घाटात सगळ्यांनाच अशी पेटी लागणार. म्हाताऱ्या माणसांच्या पायऱ्या वाचतील. पण त्या वानराचं नाव तेवढं बदल बाई!"

त्या गेल्यावर शलाकाने वही उघडली. "नाना, इथून अंटार्क्टिकाला पत्र जातं?"

"आता जहाज नाही. सहा-सात महिने तरी थांबावं लागेल."

"थांबेन," शलाका म्हणाली. ती ओसरीच्या पायरीवर मांडी घालून बसली आणि सावकाश, नीट अक्षरात तिने पहिली ओळ लिहिली. 'आई, आता आपल्या घरीही दोन दारं आहेत.'