पार्बताबाईंचे पथ्य

स्वतःच्या सुखाची आहुती देऊन घर उजळवणारी स्त्री हीच त्या घराची खरी कुलदेवता होय! त्या सकाळी मात्र ही कुलदेवता, शकुन, ओसरीवर बसून माहेरी नेण्याचे गाठोडे बांधत होती, आणि तळहातांवर फोड असल्यामुळे गाठ काही केल्या बसत नव्हती.

साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढत होते, म्हणून अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला होता. आणि ऐन वेचणीत शकुनच्या सासूचे, पार्बताबाईंचे, सांधे आमवाताने सुजून धरले. वैद्यांनी तुपातला बिब्बा दिला. पथ्य कडक, मोडले की बिब्बा अंगावर फुटतो. ऊन नको, मीठ नको, मिरचीकडे बघायचेसुद्धा नाही. पार्बताबाईंनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बिब्बे फोडण्याचे काम अर्थात सुनेकडे आले. गुडघ्यांची सूज उतरू लागली... आणि बिब्बा उतला. म्हातारीच्या अंगभर चट्टे, फोड. डोळे सुजून मिटले.

"तूच जास्त घातला," सूर्यभान बायकोला म्हणाला. "मायले मारतं काय? जाय अंजनगावले, बापाच्या घरी."

शकुनने गाठोडे बांधायला घेतले. सासूचे हात धुताना त्यांच्या बोटांना लसूण-मिरचीचा वास आला होता. पण ते सांगावे, तर शपथ मोडल्याचे उघड होऊन लेकाच्या काळजीने म्हातारी झुरून जाईल... त्यापेक्षा आपणच गेलेले बरे.

गाडी जुंपली गेली. निघण्यापूर्वी ती सासूच्या फोडांना खोबऱ्याचा रस लावायला बसली. पार्बताबाईंनी सुजल्या पापण्या कशाबशा उघडल्या.

"तुह्या हाताले काय झालं वो?"

"बिब्बा फोडताना उडला, आत्याबाई."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमच्या गुडघ्यांची सूज उतरून राहिली होती ना."

म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "सूर्यभान, बैल सोड. ठेचा म्या खाल्ला. कापसाच्या ढिगामागं, उन्हात बसून. तुह्या डोक्यावरची शपथ मोडली, बाप्पा."

सूर्यभानाने नकळत डोके चाचपले. ते जागेवर होते. मग त्याने बैल सोडले, शकुनच्या हातून गाठोडे घेतले आणि मान खाली घालून पुटपुटला, "चुकलं माह्यं. हाताले तूप लाव आधी."

पार्बताबाईंनी सुनेला कवटाळले. "तू माही लेकच हायस, पोरी... आता जलमभर तू सांगशीन तेच खाईन."

शकुन रडत रडत हसली. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हातारी हळूच म्हणाली,

"पाट्याच्या मांगं वाटीत थोडा उरला हाये. तेवढा फेकू नको."